परजीवी गांधीलमाशीचं बारसं कसं करायचं

२०१९च्या श्रावणात सासूबाई पूजेसाठी तगरीची फुलं काढायला गेल्या आणि आत येऊन म्हणाल्या, "अगं, त्या तगरीची पानं कुणी विडे बांधल्यासारखी बांधून ठेवलीत, बघ जरा." मी देवरुखला राहते, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. त्यामुळे घरात-परसात दिसणारी अळी, कोळी, गोम, सगळं माझ्या नावावर. विडा उलगडला. आत हिरवी अळी होती, पण वाळून चिमटलेली. तिच्या शेजारी तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान पांढरा कोष. पाच दिवसांनी त्यातून पावणेतीन मिलिमीटरची काळी गांधीलमाशी बाहेर आली.

त्या माशीला कुणी नाव दिलेलं नाही, हे ठरायला सहा वर्षं गेली. नवी जात सापडायला एक श्रावणी दुपार पुरते. ती जुनी नाही हे दाखवायचं काम मात्र पुरून उरतं. लहान कॉलेजातल्या, लहान सूक्ष्मदर्शकावर काम करणाऱ्या कुणाला ते करावंसं वाटलं तर माझ्या चुका तरी पुन्हा होऊ नयेत, म्हणून लिहिते आहे.

आधी शब्दांचं. वर्तमानपत्रांत 'नवी प्रजाती सापडली' असं येतं, पाठ्यपुस्तकात प्रजाती म्हणजे जीनस. घोळ नको म्हणून इथे स्पीशीजला जात आणि जीनसला वंश म्हणते. आणि 'परजीवी' हा शब्दही इथे अपुराच आहे. ऊ किंवा गोचीड यजमानाच्या जिवावर जगते, त्याला मारत सहसा नाही. या माश्या अळीच्या पोटात अंडं घालतात, पिल्लू अळीला आतून खातं आणि शेवटी अळी मरतेच. इंग्रजीत त्यांना पॅरासाइट न म्हणता पॅरासिटॉइड म्हणतात. उसाच्या पानाला ट्रायकोकार्ड (अशा माश्या आत वाढत असलेल्या अंड्यांचं कार्ड) टाचणारे शेतकरी सरळ मित्रकीटक म्हणतात. ते बरं.

जाळ्यापेक्षा बाटली बरी

माश्या मिळवायचे मार्ग पुष्कळ. गवतावरून कापडी जाळं फिरवा. पिवळ्या बशीत साबणाचं पाणी घालून ठेवा, पिवळ्या रंगाला भुलून कित्येक जाती येऊन पडतात. मालेझचा सापळा लावा. रेने मालेझ हे स्वीडनचे कीटकशास्त्रज्ञ. तंबूत शिरलेले किडे वर वर चढतात आणि कोपऱ्यातल्या भोकातून बाहेर पडतात, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यावरून त्यांनी तंबूसारखाच सापळा केला. यांतलं काहीही करा, पण माझं मत विचाराल तर अळीसकट माशी वाढवण्याला तोड नाही. जाळ्यात आलेली माशी कुणाची पाहुणी होती, हे तिच्या अंगावर लिहिलेलं नसतं.

वाढवायला खर्च नाही. काचेची बरणी, तोंडाला मलमल, वर रबर बँड, तळाला टिश्यू पेपर. कोकणातल्या पावसाळ्यात खरा शत्रू बुरशी, म्हणून टिश्यू रोज बदलायचा आणि अळीची विष्ठा रोज काढायची. दुसरा शत्रू मुंग्या. आमच्याकडे जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवतात, तशाच वाट्या मी बरण्यांच्या स्टुलाखाली ठेवल्या. काही निरोगी अळ्या मुद्दाम पतंग होईपर्यंत वाढवा, नाहीतर यजमानाचं नाव कळणार नाही. माझ्या बरणीतून हिरव्या पंखांचा पतंग निघाला, पॅरोटिस वंशातला, तेव्हा ती बाजू पक्की झाली.

माशी बाहेर आली की लगेच मारायची घाई करू नका. एक दिवस थांबा, तिचा रंग पक्का होऊ द्या. मी पहिल्या दोन माश्या तासाभरात मारल्या आणि वहीत 'पाय पिवळसर' असं लिहिलं. तो रंग कोवळेपणाचा होता. रिकामा कोष आणि वाळलेली अळी फेकू नका. औषधाच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये घालून त्याच टाचणीला टोचून ठेवा.

एका गोष्टीला सगळे फसतात. कोषातून येते ती माशी अळीची मारेकरी असेलच असं नाही. अळीच्या पोटात वाढलेल्या माशीच्या पिल्लावर आणखी एक माशी अंडं घालते. चोरावर मोर! ओळखायची खूण भोकात असते. मूळ माशी कोषाचं टोक डब्याच्या झाकणासारखं गोल कापून बाहेर येते, तर मोर बहुधा बाजूला वेडंवाकडं भोक कुरतडतो. २०२० साली टाळेबंदीत मला वेळच वेळ होता, बावीस कोष गोळा केले. त्यांतल्या नवांतून मोरच निघाले.

परवानगीचं दोन ओळींत. स्वतःच्या परसात कुणाला विचारायला नको. अभयारण्यात, राखीव जंगलात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय जाळं उघडूही नका. आणि परदेशातल्या तज्ज्ञाला 'एक नमुना पाठवते' असं परस्पर कबूल करू नका. जैवविविधता कायदा आहे.

टाचणी, गोंद, चिठ्ठी

काही नमुने ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा आणि फ्रीजरमध्ये टाका, ते डीएनएसाठी. (आमच्या फ्रीजरमध्ये आंबापोळीच्या डब्याला चिकटून माझी कुपी असायची. त्यावरून घरात काय काय झालं ते इथे नको.) उरलेले कोरडे चिकटवायचे. अल्कोहोलमधून काढून नुसते वाळवले तर पोट आत जातं, डोळे खपाटीला बसतात. त्यासाठी प्रयोगशाळेत एचएमडीएस नावाचं द्रावण वापरतात. ते विषारी आणि ज्वालाग्राही आहे, धूर ओढणाऱ्या कपाटाखालीच हाताळायचं. ते नसेल तर फ्रीजरमध्ये मारलेली माशी ताजी असतानाच चिकटवा.

एवढ्या लहान माशीला टाचणी टोचत नाहीत. जाड कार्डाचा छोटा त्रिकोण कापायचा, टाचणी त्रिकोणात, आणि माशी त्रिकोणाच्या टोकाला, उजव्या कुशीवर, गोंदाच्या टिपक्यात. डावी बाजू, पाठ आणि चेहरा मोकळा राहिला पाहिजे. गोंद पाण्यात विरघळणारा हवा. मी घाईत झटपट चिकटणारा गोंद वापरला, तो पसरून मधल्या पायांवरून पोटापर्यंत गेला. ती मादी आजही पेटीत आहे. तिला आम्ही 'पाकातली' म्हणतो.

चिठ्ठी टाचणीलाच हवी, वहीत नको. गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, यजमान अळी, झाड. महिना रोमन आकड्यात लिहितात, म्हणजे ८.१२ आणि १२.८ यांचा गोंधळ होत नाही. माझ्या पहिल्या चिठ्ठीवर फक्त 'घरामागे' एवढंच होतं. ज्यांनी मला हे काम शिकवलं त्यांनी ती वाचली आणि विचारलं, "कुणाच्या?"

जुनी तर नाही ना?

इथे खरं काम सुरू होतं. पहिल्यांदा कूळ, मग उपकूळ, मग वंश. माझी माशी ब्रॅकोनिडी कुळातली, मायक्रोगॅस्ट्रिनी उपकुळातली. एवढं पटकन कळलं, कारण या उपकुळात शृंगिकांना, म्हणजे डोक्यावरच्या मिशांना, न चुकता अठरा खंड असतात. २०२० साली या उपकुळाची जागतिक यादी प्रसिद्ध झाली, त्यात ८१ वंश आणि २,९९९ जिवंत जाती आहेत. म्हणजे माझी माशी नवी आहे म्हणण्याआधी ती या २,९९९ पैकी एकही नाही, हे बघायला हवं. घाबरू नका, वंश ठरला की गठ्ठा लहान होतो, मग प्रदेशाने आणखी लहान होतो.

पण वंश ठरवण्यातच माझे तीन आठवडे गेले. ॲपँटेलिस की डोलिकोजेनिडिया? पूर्वी दोन्ही ॲपँटेलिसच होत्या. विल्यम मेसन यांनी १९८१ मध्ये त्या अवाढव्य वंशाची फाळणी केली. आता भेद कुठे पाहायचा, तर मागच्या पंखाच्या बुडाशी एक चिमुकली पाळी असते तिच्या कडेवर. कड फुगीर आणि केसांची झालर असलेली असेल तर डोलिकोजेनिडिया. कड सपाट किंवा किंचित आत वळलेली आणि मधोमध बिनकेसांची असेल तर ॲपँटेलिस. केस आहेत की नाहीत हे वरून उजेड टाकून दिसतच नाही. शेवटी पंखाखाली काळा कागद धरला आणि उजेड कडेने तिरपा सोडला. पाळी बोडकी होती. ॲपँटेलिस!

त्यानंतर जुने कागद. भारत आणि आसपासच्या ॲपँटेलिसवर डी. एस. विल्किन्सन यांनी १९२८ मध्ये मोठं काम केलं, जी. ई. जे. निक्सन यांनी १९६५ मध्ये जातींचे गट पाडले. हे लेख जुने म्हणून सोडून द्यायचे नाहीत. प्राण्यांच्या नावांचा हिशेब १७५८ सालापासून, लिनियसच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून चालू आहे आणि आधीचं नाव तेच खरं. शंभर वर्षांपूर्वी कुणी तुमच्या माशीचं चार ओळींत वर्णन केलं असेल, तर तुमची चाळीस पानं वाया.

चार ओळी हाच तर छळ. फ्रान्सिस वॉकर या इंग्रज गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकात हजारो कीटकांना नावं दिली. वर्णनं अशी की त्यावरून काहीही ओळखावं. ते १८७४ मध्ये वारले तेव्हा एका मृत्युलेखात लिहिलं गेलं की त्यांच्या शास्त्रीय लौकिकाच्या दृष्टीने त्यांना वीस वर्षं उशीर झाला. क्रूर आहे, पण जुन्या वर्णनांशी आठवडाभर झगडल्यावर मला ते वाक्य तितकंसं क्रूर वाटेना. अशा वेळी वर्णन बाजूला ठेवून ज्या नमुन्यावर ते नाव ठरलं तो नमुना बघायचा. लंडनला जायला नको. संग्रहालयांकडे छायाचित्रं मागता येतात, आणि नम्रपणे, नेमकं काय हवं ते लिहून मागितली तर बहुतेकदा मिळतात. 'सगळे फोटो पाठवा' असं लिहू नका. 'पहिल्या उदरखंडाचा वरून फोटो' असं लिहा.

डीएनएचं काय? माशीचा एक पाय काढून द्यायचा, सीओआय या जनुकातला ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून मिळतो आणि तो सार्वजनिक साठ्यातल्या तुकड्यांशी ताडून पाहता येतो. पहिल्या खेपेला मला आलेली अक्षरं माशीची नव्हतीच, तिच्या पेशींत राहणाऱ्या वोल्बाकिया जिवाणूची होती. दुसरा पाय दिला तेव्हा काम झालं. २०२१ मध्ये कोस्टा रिकातल्या ४०३ ब्रॅकोनिड जातींना एकाच शोधनिबंधात नावं दिली गेली. त्यांतल्या बहुतेकींसाठी एक छायाचित्र आणि हा तुकडा, एवढंच वर्णन. त्यावर मोठा वाद झाला. जंगलं नाहीशी होण्याच्या वेगाशी स्पर्धा आहे, हे त्यांचं म्हणणं मला कळतं. पण आमच्या कॉलेजात डीएनए वाचायचं यंत्र नाही, भिंग आहे. ज्याच्याकडे फक्त भिंग आहे त्याला ओळखता येणार नाही असं वर्णन मी लिहिणार नाही. दोन्ही द्या.

वर्णन कसं लिहायचं

वर्णन आणि भेदलक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नवखे इथेच गडबडतात. एसटी स्टँडवर 'हरवले आहेत'चे कागद लावलेले असतात. 'उंची मध्यम, रंग सावळा, अंगात पांढरा सदरा' यावरून अर्धा तालुका पकडून आणता येईल. 'उजव्या भुवईवर जुना व्रण' हे भेदलक्षण. १९३० नंतरच्या नावांना वेगळेपण सांगणारं निवेदन असलंच पाहिजे, असा प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेचा नियम आहे. म्हणून माझा पहिला परिच्छेद असा: सर्वांत जवळची जात कोणती, आणि तिच्यापासून माझी तीन गोष्टींत कशी वेगळी. अंडी घालायच्या सुईचं आवरण मागच्या पायाच्या नडगीच्या तुलनेत किती लांब, पहिल्या उदरखंडावर खरवड, म्हणजे खडबडीतपणा, कुठपर्यंत, आणि वक्षाच्या मागच्या उतारावरची षटकोनी चौकट पूर्ण की अर्धी.

सुई लांब का, हे त्या विड्याकडे पाहिलं की कळतं. उघड्यावरच्या सुरवंटाला टोचायला आखूड सुई पुरते. गुंडाळलेल्या पानाच्या आत दडलेल्या अळीपर्यंत पोचायचं तर लांब लागते. अर्थात हे वर्णनात लिहायचं नाही, मोजमाप लिहायचं.

मोजमापाला डोळ्याच्या भिंगात बसणारी मोजपट्टी लागते आणि ती प्रत्येक वर्धनाला वेगळी ताडून घ्यावी लागते. मी एका संध्याकाळी वर्धन बदललं, आकडेमोड बदलली नाही, आणि माझ्या माशीचं डोकं तिच्या छातीच्या दुप्पट झालं. शक्यतो गुणोत्तरं द्या, नुसते मिलिमीटर नकोत. माशी लहान-मोठी निघते, प्रमाणं फारशी हलत नाहीत. एका नमुन्यावर नाव देता येतं, पण देऊ नका. माझ्याकडे शेवटी अकरा माद्या आणि चार नर होते. पहिल्या मादीत जे 'वैशिष्ट्य' वाटलं होतं ते बाकी दहांत नव्हतंच.

छायाचित्रांसाठी एक सांगते. या माश्या चकाकतात, दिवा लावला की पांढरा डाग पडतो आणि खरवड दिसत नाही. ट्रेसिंग पेपरची नळी करून माशीभोवती उभी करा आणि उजेड बाहेरून सोडा. मग फोकस थोडा थोडा खाली नेत तीस-चाळीस फोटो घ्या आणि संगणकावर एकत्र करा. चेहरा, पाठ, बाजू, पंख, उदरखंड, सुई. आकारपट्टी विसरू नका.

नाव

यात मराठी माणसाला एक फायदा आहे. जातीचं नाव विशेषण असेल तर त्याचं लिंग वंशाच्या नावाशी जुळावं लागतं, आणि इंग्रजी बोलणारे इथे रडतात. आपल्याला काय, काळा बैल, काळी गाय, काळं मांजर. तसंच लॅटिनमध्ये नायगर, नायग्रा, नायग्रम. ॲपँटेलिस पुल्लिंगी आहे, कोटेशिया स्त्रीलिंगी. गावावरून नाव द्यायचं तर शेवटी 'एन्सिस', वंश नपुंसकलिंगी असेल तर 'एन्से'. पुरुषाच्या सन्मानार्थ शेवटी 'आय', स्त्रीच्या सन्मानार्थ 'ई'. स्वतःचं नाव देऊ नका. नियमाने बंदी नाही, पण लोक हसतात.

राग काढायलाही नाव वापरू नका. ऑस्ट्रेलियात ए. ए. जिरॉ नावाचे विक्षिप्त संशोधक होते, तीन हजारांहून अधिक जातींची वर्णनं केलेले. इलिंगवर्थ नावाच्या सहकाऱ्याला चिडवायला त्यांनी 'शिलिंग्सवर्थिया' ही अस्तित्वातच नसलेली माशी छापून टाकली. तिचं वर्णन म्हणजे रिकामी, पोकळ, सावली न पडणारी. वाचून मी पोट धरून हसले, पण अनुकरणीय नाही.

नाव नसल्याने काय अडतं, हे पपईवाल्यांना विचारा. २००८ मध्ये पपईवरचा पिठ्या ढेकूण भारतात दिसला आणि बागांमागून बागा पांढऱ्या पडल्या. २०१० मध्ये पोर्टो रिकोहून तीन परजीवी माश्या आणून सोडल्या, त्यांतली ॲसेरोफॅगस पपाई सगळ्यांत कामाला आली. तिला नॉइस आणि शॉफ यांनी २००३ मध्येच नाव देऊन ठेवलं होतं. नावावरून मागवता आली.

माझ्या माशीचं नाव मी इथे लिहिणार नाही. छापून येण्याआधी नाव नुसतं कुठेतरी झळकलं, वर्णनाशिवाय, तर ते 'उघडं नाव' ठरतं. त्याला काही किंमत नसते, वर घोळ होतो. फेसबुकवर फोटोखालीही टाकू नका. घरात आम्ही तिला 'विडेवाली' म्हणतो.

ठेव आणि छपाई

एक मादी होलोटाइप म्हणून निवडायची. नाव कायमचं तिलाच बांधलेलं, म्हणून सर्वांत धडधाकट निवडा, दोन्ही शृंगिका शाबूत असलेली. तिला लाल चिठ्ठी लावायची पद्धत आहे. बाकीच्या पॅराटाइप. १९९९ नंतरच्या नावांसाठी होलोटाइप कोणता आणि कुठल्या संग्रहात, हे लेखात स्पष्ट लिहिलेलं नसेल तर नाव उभंच राहत नाही. आपल्या कायद्यानेही नव्या जातीचा नमुना नेमून दिलेल्या संग्रहात द्यावाच लागतो. आपल्याकडे भारतीय प्राणी सर्वेक्षण आहे, १९१६ पासूनचं, मुख्यालय कोलकात्याला, पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आकुर्डीला.

नमुने कुरिअरने पाठवू नका. मी एकदा पाठवले. पेटीतली एक टाचणी सुटली आणि तिने वाटेत बाकीच्या सहा माश्यांची डोकी उडवली. आता पेटी मांडीवर घेऊन एसटीने जाते. आंबा घाटाच्या वळणांवर शेजारच्या काकांनी "पेढे का?" असं विचारलं होतं.

नियतकालिक निवडताना फी विचारून घ्या. न्यूझीलंडच्या झूटॅक्सात पैसे न देताही छापून येतं, कोईमतूरहून निघणारं जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा कुणालाही मोफत वाचता येतं. लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँकेत, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, आधी नोंद हवी आणि ती लेखात छापलेली हवी. २०१२ पासून तसा नियम आहे. पहिला लेख एकट्याने पाठवू नका, त्या कुळावर काम करणाऱ्या कुणाला तरी सहलेखक म्हणून विचारा. माझ्या लेखावर एका परीक्षकाने दोन पानं सूचना लिहिल्या. पहिल्या दिवशी मी रडले, तिसऱ्या दिवशी पंखाच्या पाळीच्या कडेचा फोटो पुन्हा काढला. त्यांचं बरोबर होतं.

लेख स्वीकारल्याचं पत्र आलं त्या दिवशी सासूबाईंनी नाव विचारलं. बारशाला आत्या बाळाच्या कानात सांगते तसं मी त्यांच्या कानात सांगितलं. त्यांना आता कमी ऐकू येतं. त्यांनी ते नाव खणखणीत आवाजात, शेजारच्या वाडीपर्यंत जाईल असं, दोनदा म्हणून पाहिलं. संहितेप्रमाणे तोंडी उच्चार ही प्रसिद्धी धरत नाहीत, म्हणून बरं.